कावळ्याला दिलेला शब्द

आमच्या गावात माझ्यावर कधीच न चिडलेला एकच माणूस होता, माझे वडील. ते गेले तेव्हा मी अंटार्क्टिकात होते. तिथे हिवाळ्याला मागे राहिलेल्या माणसाला कोणीही परत आणू शकत नाही. विमान उतरत नाही, जहाज ज्यातून यायचं तो समुद्र गोठलेला असतो, आणि सूर्य तर काही आठवडे उगवतच नाही. हे मी जाण्याआधी घरात सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं. माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, तेव्हा तंबाखू मळत 'हाव, हाव' म्हणत होते. तेच मोठे बाबा पुढे चारचौघांत म्हणाले, "लोकं दुबईहून येतात मातीले. इले एका दिवसासाठी बी येता आलं नाही?"

दुबई! आयुष्यात बऱ्याच जणांचं बरंच बोलणं मी विसरले, हे एवढं विसरलेले नाही.

गाव नांदुऱ्याजवळचं. स्टेशनवर उतरायचं, ऑटोत कोंबून घ्यायचं आणि धूळ खात पोचायचं. जमीन काळी, पाणी मचूळ, आणि उन्हाळा असा की टिनाच्या घरात दुपारी माणूस बसू शकत नाही. अशा गावातली मुलगी बर्फात कशाला जाते हे मला प्रत्येकाने विचारलं आहे, आणि उत्तर कोणीही पुरतं ऐकलेलं नाही. माझं काम हवामानाच्या नोंदी घ्यायचं. तापमान, वारा, हवेचा दाब, ठरल्या वेळी बाहेर जाऊन बघायचं आणि लिहायचं. गावाने याचा एवढाच अर्थ घेतला की हिला पाऊस कधी येणार ते कळतं. पेरण्या खोळंबल्या की मला फोन येत. मी म्हणायची, मी तिथल्या नोंदी घेते, इथला अंदाज देत नाही. मग पलीकडून हमखास यायचं, "मंग कायले गेली बाप्पा तठी?"

पुण्यात, जिथे माझी नोकरी आहे, तिथे वेगळाच त्रास. तिथे लोक माझं काम समजून घेतात आणि माझ्या बोलण्याला हसतात. बैठकीत एकदा माझ्या तोंडून 'मले' निघालं तर शेजारचा इतका गोड हसला की त्याच्या कपात मीठ टाकावं असं वाटलं.

वडील मात्र 'कायले' असं कधी म्हणाले नाहीत. ते विचारायचे, "आज किती?"

अंटार्क्टिकातल्या आमच्या संशोधन स्टेशनवरून घरी फोन लागायचा. आवाज किंचित उशिरा पोचायचा, त्यामुळे दोघंही बोलायचो आणि दोघंही थांबायचो. मी आकडा सांगायची, उणे अमुक. मग ते आपला सांगायचे, "अठी पंचेचाळीस हाये, माय." मग दोघांमधला फरक मोजायचा, आणि तो जितका मोठा तितका त्यांना आनंद व्हायचा, जणू आम्ही दोघांनी मिळून काही कमावलं होतं. फोन ठेवला की ते पारावर जात आणि माझा आकडा तिथे जाहीर करत. लोक म्हणत, तुयी पोरगी थापा मारते. ते नुसते हसत. या माणसाला राग कसा यायचा नाही याचा मलाच राग यायचा.

तिथे सगळ्यात अवघड काय, असं शाळांमधून भाषणाला बोलावलं की विचारतात. त्यांना थंडी ऐकायची असते. थंडीचं काय, तिला कपडे असतात. वादळात दोरी धरून चालायचं, दोरी सोडायची नाही, पापण्या चिकटल्या तर चोळायच्या नाहीत. हे शिकता येतं. अवघड असतात माणसं. अंधार सुरू झाला की पोळी चावण्याच्या आवाजावरून माणूस माणसावर धावून जातो. माझ्या पहिल्या हिवाळ्यात दोन इंजिनियर एका चमच्यावरून महिनाभर बोलत नव्हते. मीही काही संत नव्हते. एकाची शिट्टी मी अशा शब्दांत बंद केली की तो अजून मला दिवाळीचा मेसेज पाठवत नाही. पण तिथे एक बरं असतं. उजेड आला की सगळे म्हणतात, जाऊ दे, हिवाळ्याचा राग होता. गावात तशी सोय नाही.

वडिलांच्या छातीत कफ भरला तेव्हा मला सांगितलं, थोडा ताप आहे. त्यांना बुलढाण्याला नेलं आणि परत आणलं, तेही मला नंतर कळलं. मी फोन केला की घरातले म्हणत, आत्ताच डोळा लागला, उठवत नाही. आवाजावरून मला कळेल आणि मी तिथे वेडीपिशी होईन, म्हणून त्यांच्या हातात फोन द्यायचाच नाही असं मोठ्या बाबांनी ठरवलं होतं. माझ्या भल्यासाठी. माझ्या भल्यासाठी लोकांनी जेवढं केलं आहे तेवढं वाईटासाठी कोणी केलं नसेल.

शेवटी फोन आला तो माझ्या चुलतभावाचा, मोठ्या बाबांच्या मुलाचा. आम्ही एकाच अंगणात वाढलो. तो म्हणाला, "काका गेले व."

मी विचारलं, "आग कोणं देल्ली?"

"म्या."

"बरं केलं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? मी एकुलती एक, आणि मी नव्हते. फोन ठेवला तेव्हा नोंदीची वेळ झाली होती. मी कपडे चढवले, दोरी धरली, उपकरणांच्या पांढऱ्या पेटीपर्यंत गेले, आकडा बघितला आणि लिहिला. तो कोणाला सांगायचा हे परत येताना कळेना, तेव्हा मात्र दोरीला धरूनच खाली बसले.

दहाव्या दिवशी मी स्वयंपाकघरातून भात घेतला, त्याचा गोळा केला आणि स्टेशनच्या मागे खडकावर ठेवला. तिथे उन्हाळ्यात स्कुआ नावाचा तपकिरी पक्षी असतो, घारीच्या जातीचा वाटावा असा, हातातलं ओढून नेणारा. कावळ्याचं काम त्याने आनंदाने केलं असतं. पण हिवाळा लागायच्या आत तोही निघून जातो. त्या सगळ्या अंधारात उडणारं काहीही नव्हतं, आणि हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? तरी ठेवला. आमचे तेव्हाचे प्रमुख भला माणूस. ते थोड्या वेळाने आले आणि हळूच म्हणाले, "आत आणावं लागेल." तिथे नियम आहे, बाहेरचं काहीही मागे ठेवायचं नाही, शीतसुद्धा नाही. मी बॅटरी घेऊन गेले. भाताचा दगड झाला होता. तो उचलला आणि उरल्यासुरल्या अन्नाच्या ड्रममध्ये टाकला. ते ड्रम पुढे जहाजाने परत आणतात. म्हणजे माझ्या हातचा वडिलांचा पिंड कचऱ्यातून घरी आला.

त्याच दिवशी इकडे पूर्णेच्या काठावर काय चाललं होतं, हे मला परत येईपर्यंत कोणी सांगितलं नाही.

परत आले तेव्हा इकडे थंडी पडायला लागली होती आणि लोक स्वेटर घालून माझ्याकडे बघत होते. आईने दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, माझ्या डोळ्यांना पाणी लावलं आणि म्हणाली, "जेव." एवढंच. मला वाटलं होतं ती गळ्यात पडून रडेल, किंवा मारेल तरी. ती ताट वाढून आत निघून गेली.

मग माझा सत्कार झाला. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. मागच्या बॅनरवर माझा फोटो, आणि माझ्या खांद्याला खांदा लावून एक पांढरं अस्वल. ते अस्वल उत्तरेला असतं. मी होते तिथे ते औषधालाही सापडायचं नाही. मी तसं बोलले तर बॅनर लावणारा म्हणाला, "असू दे न व ताई, शोभते." मी शाल आणि नारळ मांडीवर घेऊन अस्वलाखाली बसले. भाषणं झाली. आणि मग मोठे बाबा माइकजवळ गेले.

मोठे बाबा म्हणजे गावात शब्दाचा माणूस. बांधाची भांडणं, वाटण्या, मोडलेली लग्नं, सगळं त्यांच्या ओसरीवर मिटतं, कारण ते बोलले की बदलत नाहीत. त्यांचा आवाज भरून आला होता.

"दहाव्याले कावळा शिवे ना," ते म्हणाले. "सूर्य डोक्यावर आला, पाय भाजून राह्यले, पन कोणी हालत नव्हतं. मी समजलो. भावाचा जीव पोरीत अडकला हाये. मंग म्या हातात पाणी घेतलं आन् म्हनलं, बाबू, तुयी पोरगी आली का पुन्हा तिले बर्फात जाऊ देणार नाही. हा माया शब्द. आन् कावळा आला! विचारा कोणालेही!"

टाळ्या पडल्या. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सगळा मांडव माझ्याकडे मायेने बघत होता. पिंडाला कावळा शिवला नाही की गेलेल्याची इच्छा राहिली असं समजतात, आणि कोणीतरी ती पुरी करायचा शब्द देतो. गाय बघीन, बहिणीला सांभाळीन, धाकट्याचं लग्न लावीन, असे शब्द मी लहानपणापासून ऐकले होते. पण ते देणारा आपल्या पदरचं देत असतो. इथे माझं आयुष्य हातावरच्या पाण्याबरोबर सोडलं होतं, आणि मी तेव्हा भाताचा दगड उचलत होते. त्या क्षणी मला मांडीवरचा नारळ फोडावासा वाटला, आणि जमिनीवर नाही.

चुलतभावाला मी खोदून खोदून विचारलं. नक्की काय झालं ते सांग, आधी काय, मग काय. नोंदी घेणाऱ्या माणसाची ही खोड असते. तो बिचारा आठवून सांगत गेला. सगळी भाऊकी पिंडाभोवती दाटीने उभी होती. कावळे समोर बाभळीवर होते. मग त्याचे वडील म्हणाले, सरका मांगं, मले पाणी सोडू द्या. सगळे मागे सरकले. ते बोलले, लोकांनी हात जोडून माना खाली घातल्या, आणि कावळा उतरला.

"मंग येईनच न बे!" मी ओरडले. "इतके लोकं अंगावर असल्यावर कावळा कसा येईन?"

तो घाबरून म्हणाला, "माया बापाले नको सांगू."

मी त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं. मोठे बाबा ओसरीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, थुंकी टाकली, आणि मला वाटलं होतं तसे भडकले नाहीत.

"तुले काय वाटते, मले कावळा समजत नाही?" ते म्हणाले. "जिंदगी गेली वावरात. मी का येडा हाओ? कावळा काऊन आला थे सोड. मी शब्द काऊन देल्ला थे पाह्य. त्याच्या खाटेपाशी मी बसलो होतो. रोज तुयं नाव घे. रोज. तू नव्हती तठी."

"तुमीच तं फोन नाही देल्ला त्याईले!"

"देल्ला असता तं आली असती का?"

मी फाटक आपटून निघाले. मोठ्या बाबांचा मला जितका राग येतो त्यातला अर्धा ते खोटारडे नाहीत म्हणून येतो.

उन्हाळा लागता लागता मला निरोप आला की पुढच्या हिवाळी तुकडीची प्रमुख म्हणून माझी निवड झाली आहे. ज्या माणसाने मला भात आत आणायला सांगितला होता त्याच्या जागी मी. वयाची अट होती. या वेळी नाही म्हटलं तर पुन्हा कधीच नाही. इतकी वर्षं मी जे काही शिकले, ज्यासाठी लोकांची बोलणी खाल्ली, ते सगळं या एका होकाराला टेकलेलं होतं. वडिलांचं वर्षश्राद्ध झालं की लगेच डोंगरात सरावाला जायचं होतं.

ही बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. मोठ्या बाबांनी चुलतभावाच्या हाती सांगून पाठवलं, "गेली तं मी मेल्यावर माया तोंडात पाणी घालाले येऊ नको म्हना." मग आत्यांचे, मावश्यांचे, कोणाकोणाचे फोन. देऊळगाव राजाची एक लांबची मावशी, जिने मला आयुष्यात विचारलं नव्हतं, ती म्हणाली, बापाचा जीव फिरत राहील आणि त्याचं पाप कोणाला? मोठे बाबा ओसरीवर बसेनासे झाले होते. लोक भांडणं घेऊन येत आणि ते म्हणत, ज्याच्या घरात शब्द चालत नाही त्यानं दुसऱ्याले काय सांगावं. हे ऐकल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, आणि त्याचाही राग आला.

आणि आई. आई काहीच बोलत नव्हती. मी सुट्टीला आले की ती भांडी जरा जास्तच आपटायची. बर्फाबद्दल तिने एक अक्षर विचारलं नाही. मी काही सांगायला लागले की ती उठून गोठ्यात जायची. एकदा मी सरळ तिच्यासमोर जाऊन बसले आणि विचारलं, "आई, तुयं काय म्हननं हाये?"

ती म्हणाली, "भाजीत मीठ झालं का पाह्य."

मी समजून चुकले की तीही त्यांच्याच बाजूची. मोठे बाबा तिचे भासरे. आमच्याकडे सून भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्याच्याशी तोंडाला तोंड देऊन बोलत नाही, काही सांगायचं तर लेकराच्या तोंडून सांगते. लहानपणी तो निरोप्या मीच होते. 'मोठ्या बाबाले म्हना चहा झाला.' ते दोन हातांवर बसलेले असायचे आणि मी तरी ते पुन्हा म्हणायची. लग्न होऊन आल्यापासून आईने त्यांच्याशी एक वाक्य थेट बोलल्याचं मला आठवत नव्हतं. ती त्यांच्याविरुद्ध काय बोलणार?

वर्षश्राद्धाला सगळी भाऊकी जमली. आभाळ नुसतं दाटून बसलं होतं आणि अंगाला घामाची चिकट वाफ येत होती. खीर, वडे, कढी, आणि वडिलांना आवडायची म्हणून वांग्याची भाजी. पहिलं पान चुलतभावाने टिनावर ठेवलं. कावळा शिवेपर्यंत कोणी जेवायचं नाही. सगळे अंगणात टिनाखालीच उभे राहिले, माना वर करून. कावळा होता. विजेच्या तारेवर बसून एकदा पानाकडे आणि एकदा आमच्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "थोडे मांगं सरका."

कोणीही हललं नाही. माझं म्हणणं गावभर झालं होतं, आणि आता मागे सरकणं म्हणजे माझी बाजू घेणं होतं. उलट दोघं-तिघं पुढेच आले. असा हट्ट मी जगाच्या दुसऱ्या कुठल्या टोकाला पाहिलेला नाही.

बराच वेळ गेला. पोरं रडायला लागली. वडे गार झाले. मग मोठे बाबा माझ्याकडे वळले. वर्षभरात ते खंगले होते.

"म्हन," ते म्हणाले. "हात जोड आन् म्हन, मी जात नाही. आत्ता येईन कावळा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढंच तर म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर सगळे जेवले असते, मोठे बाबा ओसरीवर बसले असते, आणि मी पुण्याला जाऊन बसल्या बसल्या म्हातारी झाले असते. मी हात जोडले. टिनाकडे बघितलं.

"बाबा," मी म्हटलं, "मी जाऊन राह्यली."

एकच गलका झाला. एक आत्या मोठ्याने रडायला लागली. कोणीतरी म्हणालं, बापावर गेली नाही ही. त्या आवाजाने कावळा तारेवरून उडाला आणि सरळ वावरांकडे निघून गेला. मोठे बाबा त्याच्याकडे बघत राहिले आणि त्यांचा आवाज फाटला. "पाह्यलं? उपाशी चालला माया भाऊ!"

तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला पीठ होतं. ती चुलतभावाला म्हणाली, "काढ थे पान." त्याने बापाकडे बघितलं आणि तो जागचा हलला नाही. मग तिने स्वतः खुर्ची ओढली, तिच्यावर चढली आणि पान खाली घेतलं. अंगणाच्या मधोमध ती मांडी घालून बसली आणि पान पुढ्यात ठेवलं. खुर्चीवर चढताना डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. तो तिने वर घेतला नाही.

"तुमी शब्द देल्ला थो तुमचा," ती मोठ्या बाबांकडे बघून म्हणाली. "पोरीचा नाही."

कावळ्यापेक्षा हे मोठं होतं.

"थे रोज हिचं नाव घेत, खरं हाये. मी बी तठीच होती, उशापाशी. पन कधी येते असं नाही विचारे त्याईनं. आज किती हाये तठी, असं विचारे. तुमी रडत होते, तुमाले ऐकू नाही आलं. फोन तं तुमी बंद केला. मंग मीच सांगे. मनानंच आकडा सांगे काही तरी. तेवढा ऐकला का झोपत."

मोठे बाबा काही बोलायला गेले. तिने हात वर केला.

"मी हिच्यावर रागावलेलीच हाओ. मी मरेलोक रागावीन. बाप जात होता आन् ही नव्हती. पन थो राग माया हाये. कावळ्याच्या चोचीत काऊन देता? आन् त्याईची भूक मले सांगू नका. जन्मभर मी वाढलं त्याईले."

आणि तिने वड्याचा तुकडा मोडला, खिरीत बुडवला आणि तोंडात घातला. गेलेल्या नवऱ्याच्या पानावर बसून, सगळ्यांच्या आधी. तिला रडू येत होतं आणि ती चावत होती. ती ते पान पूर्ण जेवली, वांग्याच्या भाजीसकट, आणि एक शीत ठेवलं नाही.

मोठे बाबा न जेवता गेले. त्यांच्या मागे बरेच जण गेले. आमच्याकडे श्राद्धाच्या घरून न जेवता उठणं म्हणजे संबंध तोडणंच. चुलतभाऊ दारापर्यंत गेला, उभा राहिला, परत आला आणि खाली मान घालून पंगतीत बसला. पुढे त्याला बापाने किती दिवस घरात बोलू दिलं नाही हे त्याचं त्यालाच माहीत.

मी गेले. वर्ष काढलं आणि आले. प्रमुख म्हणून मी चांगली होते की वाईट हे माझ्या तुकडीला विचारा. चमच्यावरून मात्र कोणाला भांडू दिलं नाही. वडिलांच्या तिथीला स्वयंपाक्याने न सांगता भाताचा गोळा करून माझ्यापुढे ठेवला. मी तो बाहेर नेला नाही. तिथेच बसून खाल्ला. मोठे बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत, मला बघितलं की रस्ता बदलतात. मीही बदलते. आई त्यांच्याशी आता थेट बोलते, आणि मला वाटतं त्यांना माझ्या जाण्यापेक्षा त्याचाच जास्त धक्का बसला आहे.

पण मला सांगायची आहे ती वर्षश्राद्धाच्या त्या दुपारची गोष्ट. उरलेली माणसं निघून गेली. पंगतीत न उचललेली पानं तशीच पडली होती. आई आणि मी मोरीपाशी भांडी घासत होतो. आभार मानावे तर तिने पातेलं फेकून मारलं असतं. घासता घासता माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तठी आता किती असन?"

जन्मात पहिल्यांदा तिने विचारलं होतं. मी म्हटलं, "उणे तीस तरी असन. अंधार हाये न सध्या."

ती थांबली. "मी वीसच सांगे," ती म्हणाली. "लय थंडी सांगतली तं त्याईले काळजी लागली असती तुयी."

मी जिच्यावर पोट भरते त्या नोंदीत एका अंशाचीही चूक चालत नाही. मी कढई एकाच जागी घासत राहिले. आईने माझ्या हातातली कढई हिसकावून घेतली.

"तळाची काजळी तशीच हाये," ती म्हणाली. "नीट घास."